वाचक विचारतात : कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे?

प्रश्न : आमची अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंचे कल्पित संघ करून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजण्याचा खेळ) हिंजवडीतील कार्यालयात सहा वर्षांपूर्वी सुरू झाली. दहा संघ आहेत, पंधरा राउंडचा स्नेक ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, असतो आणि प्रत्येकाला मागील वर्षीचे जास्तीत जास्त तीन खेळाडू ठेवता येतात. ठेवलेल्या खेळाडूची किंमत म्हणजे तो मागील वर्षी ज्या राउंडमध्ये घेतला त्याच्या दोन राउंड वरचा पिक (निवडीची पाळी), आणि असा तो फार तर तीन वर्षे ठेवता येतो. वेव्हरवरून, म्हणजे हंगामात कोणाच्याच संघात नसलेल्यांतून, उचललेला खेळाडू पंधराव्या राउंडचा धरतात. यंदा माझा पिक प्रत्येक विषम राउंडमध्ये सातवा आहे. माझ्याकडे चार उमेदवार आहेत : तिसऱ्या राउंडमध्ये घेतलेला २८ वर्षांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), जो सर्वसाधारण क्रमवारीत आठवा आहे; अकराव्या राउंडमधील तरुण वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), आता पंचविसावा; सहाव्या राउंडमधील २४ वर्षांचा, स्वतः चेंडू घेऊन भरपूर धावणारा क्वार्टरबॅक (एरवी ज्याचे काम चेंडू फेकण्याचे), आता तिसावा; आणि वेव्हरवरून घेतलेला एक नवखा रनिंग बॅक, ज्याचे नाव अजून कोणत्याच यादीत नाही. खेळाडूंची नावे मुद्दाम देत नाही, कारण लीगमधील आणखी तिघे हे मासिक वाचतात. कोणते तीन ठेवू, आणि पुढचा ड्राफ्ट कसा करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नावे न देण्याची आपली सावधगिरी योग्यच आहे. शिवाय त्यामुळे माझे काम सोपे झाले, कारण नाव दिसले की माणूस खेळाडूकडे पाहतो आणि किंमत विसरतो. कीपर लीगमध्ये, म्हणजे मागील वर्षीचे खेळाडू ठेवता येणाऱ्या लीगमध्ये, नेमके उलटे करायचे असते. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामापूर्वी चेन्नईने ४३ वर्षांच्या धोनीला ठेवले, ते केवळ जिव्हाळ्यापोटी नव्हे. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ मानला जाईल, या नियमामुळे तो त्यांना ४ कोटी रुपयांत पडला. १८ कोटींच्या खणात त्याच खेळाडूला ठेवायचे असते तर चर्चा वेगळी झाली असती. तेव्हा ‘हा खेळाडू चांगला आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवून, ‘याच्यासाठी मी जो पिक जाळणार आहे, त्या पिकवर मला दुसरे कोण मिळाले असते’ एवढेच विचारावे.

आता इथे बहुतेक जण एक चूक करतात. पहिल्या राउंडमधील सातवा पिक म्हणजे क्रमवारीतील सातवा खेळाडू, असे ते धरून चालतात. परंतु ठेवलेले खेळाडू बाजारातून आधीच उठलेले असतात, त्यामुळे त्या पिकवर सातव्याहून बराच खालचा खेळाडू हाती येतो. किती खालचा, हे मोजण्याचे साधन म्हणजे एक कागद आणि पेन्सिल. क्रमवारीतील पहिली साठ नावे एकाखाली एक लिहावीत, इतर नऊ जण कोणाला ठेवतील याचा अंदाज करून ती नावे खोडावीत, आणि उरलेल्या नावांना एकपासून पुन्हा क्रमांक द्यावेत. मी हे दरवर्षी स्वयंपाकघरातील टेबलावर बसून करतो. घरच्यांना त्यात किराणा यादीपेक्षा वेगळे काही दिसत नाही, आणि त्यांचे फारसे चुकतही नाही.

आपल्या नियमात एक मेख आहे, ती या कागदावर लगेच दिसते. मागील वर्षी पहिल्या दोन राउंडमध्ये गेलेल्या वीस खेळाडूंना दोन राउंड वरचा पिकच शिल्लक नाही, म्हणजे ते कोणालाच ठेवता येत नाहीत आणि सगळेच्या सगळे बाजारात परत येतात. त्यामुळे वरच्या नावांत खोडली जातील ती फक्त मागच्या वर्षी खालच्या राउंडमध्ये जाऊन नंतर वर चढलेल्यांची नावे. समजा, पहिल्या अकरा नावांत अशी चार निघाली. मग उरली सात, आणि आपल्या सातव्या पिकवर मिळेल तो क्रमवारीतील अकरावा खेळाडू. आपला रनिंग बॅक आठवा आहे. त्याला पहिल्या राउंडच्या किमतीत ठेवून आपण कमावता केवळ तीन जागा, आणि न ठेवता तो बाजारात गेला तर सहा पिक होईपर्यंत तो तिथेच राहून पुन्हा आपल्याच हाती लागण्याची शक्यताही काही अगदीच नगण्य नाही.

त्याच्या वयाची आपल्याला चिंता दिसते. ती साहजिक आहे, कारण रनिंग बॅकचे आयुष्य या खेळात सर्वांत तोकडे असते. टॉड गर्ली या रनिंग बॅकने २०१८ मध्ये २१ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) केले आणि २०२० नंतर, वयाच्या सव्विसाव्या वर्षीच, त्याची कारकीर्द संपली. परंतु आपल्या प्रश्नात या चिंतेला जागा नाही. पहिल्या राउंडच्या किमतीला पोचलेला खेळाडू पुढच्या वर्षी आपल्या नियमाने आपोआपच सुटणार आहे. तो २३ वर्षांचा असता तरी सुटलाच असता. म्हणजे हा एका वर्षाचा भाडेकरू आहे, आणि भाडेकरूच्या म्हातारपणाची काळजी घरमालकाने करू नये.

रिसीव्हरबद्दल गणित मांडायची गरज नाही. नवव्या राउंडमधील आपला पिक एकूण क्रमाने ८७ वा येतो आणि तिथे आपण पंचविसाव्या क्रमांकाचा खेळाडू घेत आहात. वर त्याची किंमत पुढील वर्षी सातवा राउंड आणि त्यानंतर पाचवा, म्हणजे तीनही वर्षे तो स्वस्तच पडेल. वेव्हरवरील नवखा तेराव्या राउंडमध्ये ठेवावा. तेराव्या राउंडमध्ये एरवी जो खेळाडू मिळतो, तो ऑक्टोबरपर्यंत बहुतेक वेळा आपण स्वतःच सोडून दिलेला असतो, त्यामुळे इथे गमावण्यासारखे काही नाही. यात थोडा आशावाद आहे, परंतु तो अगदीच निराधार नाही. २०२३ मध्ये पुका नकुआ हा रिसीव्हर एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतील खऱ्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडमध्ये, १७७ व्या क्रमांकावर गेला होता, आणि त्याच वर्षी त्याने १०५ झेल व १,४८६ यार्ड असा नवख्यांचा विक्रम केला.

खरा पेच क्वार्टरबॅकचा आहे. चौथ्या राउंडमधील आपला पिक ३४ वा येतो, कारण स्नेक ड्राफ्टमध्ये सम राउंड उलट फिरतात. इथे कागदावर दोन गोष्टी एकाच वेळी मोजाव्या लागतात : बाजारातून किती नावे उठली, आणि आपल्या आधीचे किती पिक इतरांनी खेळाडू ठेवण्यात जाळले. समजा, आधीच्या ३३ पिकांपैकी पाच असे जळले, तर प्रत्यक्ष निवडी २८ झाल्या आणि आपली एकोणतिसावी. पहिल्या ४३ नावांतील चौदा खोडलेली असतील तर उरतात बरोबर एकोणतीस, म्हणजे आपल्याला मिळेल त्रेचाळिसावा खेळाडू. त्या जागी तिसावा क्वार्टरबॅक मिळणे म्हणजे तेरा जागांचा फायदा.

एरवी दहा संघांच्या लीगमध्ये, जिथे प्रत्येकजण एकच क्वार्टरबॅक उतरवतो, मी या तेरा जागांना भुललो नसतो. एनएफएलमध्ये संघ ३२ आणि आपल्याला लागणार दहाच क्वार्टरबॅक. दहाव्या-अकराव्या राउंडमध्येही बरा माणूस मिळतो, आणि चौथा राउंड त्यावर घालणे ही उधळपट्टी ठरते. परंतु आपला क्वार्टरबॅक धावतो, हे त्याच्या बाजूने जाते. बहुतेक लीगांप्रमाणे आपल्याकडेही पासच्या २५ यार्डांना एक गुण आणि धावण्याच्या १० यार्डांना एक गुण असेल, असे मी गृहीत धरतो. लामार जॅक्सन या क्वार्टरबॅकने २०१९ मध्ये स्वतः धावून १,२०६ यार्ड काढले. या यार्डांचे गुण होतात सुमारे १२०. तेवढेच यार्ड त्याने चेंडू फेकून काढले असते तर ४८ झाले असते. शिवाय त्या वर्षी एनएफएलमध्ये सर्वाधिक, ३६ टचडाउन पास त्याचेच होते, ते वेगळेच. असा क्वार्टरबॅक म्हणजे संघात गुपचूप उतरवलेला अर्धा रनिंग बॅक असतो. धावणाऱ्याला मार अधिक बसतो, हे खरे. पण २४ व्या वर्षी दोन वर्षांसाठी ती जोखीम घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या राउंडच्या किमतीला येईल आणि त्यानंतर नियमच त्याला सोडवील.

तेव्हा रिसीव्हर, नवखा आणि क्वार्टरबॅक हे तिघे ठेवावेत. रनिंग बॅकला मात्र नुसते सोडून देऊ नये, विकावे. ज्याचा पहिल्या राउंडमध्ये दहावा, म्हणजे शेवटचा पिक आहे, त्याचा कागद करून पाहा. पहिल्या पंधरा नावांत पाच खोडलेली असतील तर त्याला पंधरावा खेळाडू मिळणार आहे. आपला आठव्या क्रमांकाचा रनिंग बॅक आपल्याला तीन जागा मिळवून देतो, त्याला सात. खेळाडू तोच, किंमत तीच, आणि तरी तो त्याच्या हातात अधिक मोलाचा आहे. त्याच्याकडे ठेवण्याची एक जागा रिकामी असेल तर रनिंग बॅक आणि आपला सातव्या राउंडचा पिक देऊन त्याच्याकडून पाचव्या राउंडचा पिक मागावा. म्हणजे ६७ ऐवजी ५० वा पिक मिळतो. या व्यवहाराने बाजारातून आणखी एक नाव उठते आणि पहिल्या राउंडमध्ये आपण अकराव्याऐवजी बाराव्या खेळाडूवर येता, हेही त्यात धरावे. तरी सौदा आपल्या फायद्याचा आहे. त्याला हे गणित सांगण्याची गरज नाही. तो हे मासिक वाचणाऱ्या तिघांपैकी असेल तर मात्र इलाज नाही.

ड्राफ्टच्या दिवसासाठी थोडेच सांगतो, कारण निम्मे काम आधीच झालेले असते. इतरांच्या ठेवलेल्या नावांची यादी जाहीर होताच त्यांत रनिंग बॅक किती आणि रिसीव्हर किती हे मोजावे. कीपर लीगमध्ये स्वस्तात मिळून नंतर चढलेले खेळाडू बहुधा रिसीव्हर असतात, त्यामुळे बाजारात अनुभवी रनिंग बॅकची गर्दी दिसण्याची शक्यता आहे. एक रिसीव्हर आपल्या खिशात आहेच. तेव्हा पहिल्या तीन राउंडमध्ये गर्दीला घाबरून दोन रनिंग बॅक घाईने उचलू नयेत. एक घ्यावा, दुसरा पाचव्या राउंडपर्यंत येऊ द्यावा. किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) आणि डिफेन्स (एखाद्या संघाची अख्खी बचावफळी) शेवटच्या दोन राउंडमध्ये घ्यावेत. त्याआधीच्या तीन-चार पिकांत मधल्या फळीतले, वर्षानुवर्षे साठ-सत्तर गुण करणारे सभ्य खेळाडू घेण्याचा मोह टाळून, ज्यांना अजून संधीच मिळालेली नाही असे तरुण घ्यावेत. पॅट्रिक महोम्स हा क्वार्टरबॅक २०१७ मध्ये जवळपास पूर्ण हंगाम बाकावर बसून होता. पुढच्या वर्षी त्याने ५० टचडाउन पास दिले. त्याला शेवटच्या राउंडमध्ये घेऊन वर्षभर बेंचवर सांभाळणाऱ्याला ते वर्ष फुकट गेल्यासारखे वाटले नसणार.

प्रश्न : आम्ही बारा मैत्रिणी-मित्र यंदा नवी कीपर लीग सुरू करीत आहोत. दरवर्षी पाच खेळाडू ठेवायचे आणि त्यांना कोणतीही किंमत नाही, असे ठरले आहे. अशा लीगच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळे तरुणच घ्यावेत का?
— एक वाचिका, बाणेर

उत्तर : वरच्या उत्तरात मी वयाला बाजूला सारले, ते किमतीच्या नियमामुळे. आपल्याकडे ठेवण्याला किंमत नाही, त्यामुळे खेळाडूची उरलेली वर्षे हीच खरी पुंजी ठरते, आणि ती प्रत्येक जागेची वेगळी असते. रनिंग बॅक सत्ताविशीनंतर उताराला लागतो असे मानून चालावे. डेरिक हेन्रीने २०२४ मध्ये तिशीत १,९२१ यार्ड काढले, हा अपवाद अपवाद म्हणूनच लक्षात ठेवावा. रिसीव्हर अधिक टिकतात. लॅरी फिट्झजेराल्डने २०१६ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी १०७ झेल घेतले, ते त्या वर्षी एनएफएलमधील सर्वाधिक होते. टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा) उशिरा पिकतो : ट्रॅव्हिस केल्सीचे पहिले वर्ष गुडघ्याच्या दुखापतीत गेले आणि सलग सात वर्षे हजार यार्डांची मालिका २०१६ मध्ये सुरू झाली. क्वार्टरबॅकचे तर विचारूच नका; टॉम ब्रेडीने ४३ व्या वर्षी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

तरीही सगळे तरुण घेऊ नयेत, असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण खेळाडूंत नसून आपल्या बारा जणांत आहे. पुण्यात एकत्र सुरू झालेल्या लीगमधून तीन वर्षांत कोणी बंगळुरूला जातो, कोणी न्यू जर्सीला, कोणाचे लग्न होते आणि कोणाच्या घरी बाळ येते. चौथ्या वर्षीचे विजेतेपद गाठण्यासाठी पहिली तीन वर्षे तळाला राहणाऱ्याला बहुधा चौथे वर्ष पाहायला मिळत नाही. आणि तळाला राहून कंटाळलेला माणूसच आधी लीग सोडतो. माझा स्वतःचा हिशेब असा असतो : यंदाचे गुण पूर्ण धरायचे, पुढच्या वर्षीचे निम्मे-पाऊण, त्यापुढच्या वर्षीचे पाव, आणि त्यापलीकडे शून्य. या मापाने २२ वर्षांचा होतकरू आणि २६ वर्षांचा सिद्ध झालेला रिसीव्हर समोर आले, तर दुसराच जड भरतो. रनिंग बॅकच्या बाबतीत मात्र तरुणाला झुकते माप द्यावे.

पुढील वर्षांच्या पिकांचे सौदे पहिल्याच वर्षी खुले करू नका, एवढे आपल्या कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, सांगा. सगळे भविष्य विकून एखादा जिंकतो आणि निघून जातो, मग त्याचा पोकळ संघ घ्यायला कोणी नवा भिडू तयार होत नाही.

प्रश्न : मी आमच्या लीगचा कमिशनर आहे. सातजण पुण्यात आणि तिघे अमेरिकेत आहेत. खेळाडू ठेवण्याची मुदत आणि ड्राफ्ट दरवर्षी गणपतीत अडकतात. तारखा कशा लावाव्यात? आणि वर्गणी काढावी का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मुदत जितकी उशिरा ठेवता येईल तितकी ठेवावी. अँड्र्यू लक या क्वार्टरबॅकने २४ ऑगस्ट २०१९ रोजी, हंगाम दोन आठवड्यांवर आला असताना, २९ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. ज्या लीगांची मुदत १५ ऑगस्टला संपली होती, तिथे त्याला ठेवणाऱ्यांचा पिक वाया गेला आणि कमिशनरांच्या डोक्याला भांडण लागले. ऑगस्टअखेर संघ आपली यादी ५३ खेळाडूंवर आणतात; तिच्यानंतरची संध्याकाळ ही मुदत सर्वांत न्याय्य. २०२५ मध्ये ही कपात न्यूयॉर्कच्या वेळेने २६ ऑगस्टच्या दुपारी चारला झाली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजून चतुर्थी लागलेली होती, आणि हंगाम ४ सप्टेंबरला सुरू झाला. म्हणजे त्या वर्षी मुदत आणि ड्राफ्ट दोन्ही उत्सवातच उरकावे लागले, त्याला पर्याय नव्हता. परंतु गणपती अधिक मासानुसार पुढे-मागे होतो आणि एनएफएल होत नाही, हे लक्षात घेऊन तारीख दरवर्षी नव्याने ठरवावी.

ड्राफ्टची वेळ रविवारी सकाळी साडेसातची उत्तम. तेव्हा न्यूयॉर्कला शनिवारी रात्रीचे दहा आणि कॅलिफोर्नियात सायंकाळचे सात वाजलेले असतात. आपल्याकडची संध्याकाळ तिकडच्या सकाळला जुळते खरी, पण ती आरतीची वेळ असते आणि नेमका आपला पिक आला की घरातून हाक येते. विसर्जनाच्या दिवशी ड्राफ्ट ठेवण्याचा विचारही पेठेतल्या कमिशनरने करू नये. दहाजणांना एकत्र बसणे अशक्यच असेल तर प्रत्येक पिकला आठ तासांची मुदत देऊन ड्राफ्ट पाच-सहा दिवस चालू द्यावा; कीपर लीगमध्ये विचार करायला वेळ मिळाला की निवडीही बऱ्या होतात.

वर्गणी काढू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचे दार बंद झाले आहे, आणि मित्रांच्या लीगने त्याच्या फटी शोधत बसू नये. आमच्या लीगमध्ये शेवटचा आलेला बाकीच्यांना मिसळ खिलवतो. अमेरिकेतल्यांची मिसळ ते डिसेंबरात घरी येईपर्यंत उधार राहते. त्या उधारीची नोंद कमिशनरच्या वहीत, ठेवलेल्या खेळाडूंच्या किमतींच्या शेजारच्या रकान्यात असते.